ओटो मासे घेताय तर आधी पोट बघा (बेळगावातल्या दुकानाचा रिव्ह्यू, ३ स्टार)

बेळगावातल्या एका ॲक्वेरियमच्या दुकानातनं मी दोनदा ओटो (काचेवरचं शेवाळ खाणारे छोटे मासे) घेतले, एकदा जूनमध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये. पहिला अनुभव एकदम बेकार आहे म्हणून दुकानाचं नाव टाकत नाही.

टँक माझा दोन फुटी, ५० लिटरच्या आसपास, खिडकीजवळ ठेवलेला त्यामुळं काचेवर शेवाळ, ब्लेडनं खरवडलं की आठ दिवसात परत जैसे थे. दुकानात जाऊन शेवाळ खाणारा मासा द्या म्हटलं तर पोऱ्यानं आधी सकर दाखवला. हा सकर लहान असतोय तोवर गोड दिसतो, खरं वाढत वाढत फुटाच्या वर जातोय आणि मग लोक नेऊन तळ्यात सोडतात, तसलं काही करू नका बाबांनो, एकदा तळ्यात वाढले की ते काही केल्या हटत नाहीत. नको म्हटल्यावर मालक म्हणाले, "मग ऑटो पाहिजे काय ऑटो?" मला वाटलं रिक्षा बोलवालेत. तर मागच्या टाकीत हे ओटो, दीड इंचाचे, अंगावर काळा पट्टा, काचेला चिकटून बसलेले. ९० रुपयाला एक.

कधी आलेत विचारलं तर "कालच रात्री, ताजा माल हाय". हितंच मी फसलो. भाजी ताजी घ्यावी, ओटो नाही. हे मासे बहुतेक दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतनं पकडून आणतात, पकडल्यापासनं दुकानात येईपर्यंत त्यांना नीट खायलाच मिळत नाही, आणि जास्त दिवस उपाशी राहिले की पोटात शेवाळ पचवणारे जे जीवाणू असतात तेच संपतात म्हणे, मग पुढं खाऊनसुद्धा अंगाला लागत नाही. मासा काचेला चिकटला की खालनं पोट दिसतं, ते आत गेलेलं असलं की समजायचं काम अवघड आहे. मला तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं, पोऱ्या कन्नडमधनं "छलो अदाव्री सर, तगोरी" (चांगले आहेत सर, घ्या) म्हणाला आणि मी सहा घेतले. चौथ्या दिवशी दोन गेले, दहाव्या दिवसापर्यंत अजून दोन. विचारायला गेलो तर जिवंत मालाची गॅरंटी नसतेय म्हणे. बरोबर आहे, खरं उपाशी माल आहे एवढं तरी सांगायचं की!

माझी पण चूक होती, पिशवी पंधरा मिनिटं पाण्यावर तरंगवली आणि सरळ ओतली. ओटोला पाण्यातला फरक लगेच बाधतोय.

ऑगस्टमध्ये परत गेलो ते ठरवूनच. २०० रुपये ॲडव्हान्स दिला आणि म्हटलं मामा, नवीन आलेत ना, आठ दिवस तुमच्याकडंच ठेवा, जगतील ते मी नेतो. आधी हसले, मग तयार झाले, आणि इथं त्यांना मार्क द्यायला पाहिजेत कारण टाकीत रोज उकडलेली काकडी पडत होती, मी दोनदा अचानक जाऊन बघितलं. आठव्या दिवशी मोबाईलचा टॉर्च मारून एकेकाचं पोट बघितलं, टपोरी पोटं असलेले सहा निवडले. ह्यावेळी घरी मासे बादलीत ठेवून एअरपंपाच्या नळीला गाठ मारून टँकचं पाणी थेंब थेंब सोडलं, दीड तास. आता डिसेंबर चाललाय, सहाच्या सहा आहेत, जुने दोन धरून आठ.

आता दुकानवाले जे सांगत नाहीत ते. हे आठ जण मिळून काच पंधरा दिवसात लख्ख करतात आणि मग खाणार काय? शेवाळ संपलं की परत उपासमार. नव्या कोऱ्या टँकमध्ये तर सोडूच नका. मी काकडीची चकती उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून, स्टीलच्या चमच्यात खुपसून तळाला ठेवतो. पहिल्या दोन रात्री कुणी ढुंकून बघितलं नाही, तिसऱ्या दिवशी सकाळी पाच जण एकाच चकतीवर आणि सालीचं नुसतं कडं उरलेलं. दुसऱ्या दिवशी काढून टाकायची, नाहीतर पाणी घाण वास मारतंय. आई म्हणते, आमच्या गौरीला पण एवढा थाट नसतोय. आणि काळं केसासारखं शेवाळ असेल तर ओटोच्या भरवशावर राहू नका, ते त्याला तोंड लावत नाहीत.

ह्याच दुकानातनं बॅटरीचा एअरपंप घेतला, तो मात्र पैसा वसूल. आमच्याकडं पावसात लाईट कधी जाईल आणि कधी येईल सांगता येत नाही, एकदा सहा तास चालला. हीटर पण तिथलाच, थंडीत २४ वर ठेवलाय, व्यवस्थित आहे. माशांच्या खाण्याचे वेफर मात्र सगळे टँकमधले गप्पी मासेच खाऊन टाकतात. मालकांनी एक औषध पण गळ्यात मारायला बघितलं, लेबलवर कॉपर दिसलं म्हणून परत दिलं, ओटोला कॉपर झेपत नाही.

पार्किंग नाही, शनिवारी जाऊ नका. पहिल्या चार माशांचे दोन स्टार कापलेत. परवा काकडी-बिकडी नाही, नुसता स्पंज घ्यायला गेलो होतो तर मालकांनी आतनंच पोऱ्याला हाक मारली, "टॉर्च आण रे, पोट बघणारे आलेत."