केवायसीच्या नावाखाली अंगठा घेतला आणि अतिवृष्टीचे अनुदान काढून नेले

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातील आमच्या गावाचे काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात बुडाले आणि उभ्या शेंगांना कोंब फुटले. माझ्या दोन हेक्टर कोरडवाहू क्षेत्राचा पंचनामा झाला. हेक्टरी 8,500 रुपयांप्रमाणे 17,000 रुपये मिळणार होते. 7 ऑक्टोबरला राज्य शासनाने 31,628 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, तेव्हापासून गावात कोणाच्या खात्यावर पैसे पडले याखेरीज दुसरा विषय नव्हता.

दिवाळी सरल्यावर एक तरुण अंगठ्याचे मशीन घेऊन पारावर येऊन बसला. त्याच्याकडे आमची नावे आणि प्रत्येक लाभार्थ्याला अनुदानासाठी दिलेला विशिष्ट क्रमांक असलेली छापील यादी होती. ही यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलेली असते आणि तिचा फोटो कोणीही काढू शकतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. "काका, तुमची केवायसी अपूर्ण आहे, म्हणून रक्कम अडकली आहे," असे सांगून त्याने आधार क्रमांक विचारला, मग बँकेचे नाव विचारले आणि अंगठा ठेवायला सांगितले. सोयाबीन उपटून बोटांना भेगा पडलेल्या असल्याने ठसा उमटला नसावा असे मला वाटले, कारण त्याने "अजून एकदा" म्हणत बोट ओल्या फडक्याने पुसून पुन्हा टेकवायला लावले. पन्नास रुपये शुल्क घेतले, पावती मात्र दिली नाही.

नऊ दिवसांनी बँकेत पासबुक छापून घेतले, तेव्हा अनुदान दिवाळीपूर्वीच जमा झाले होते आणि त्याखाली एकाच दिवशी 10,000 व 7,000 रुपये काढल्याच्या दोन नोंदी होत्या. आधार क्रमांक आणि अंगठ्यावर रोख रक्कम काढण्याच्या पद्धतीत एका वेळी 10,000 रुपयांपर्यंतच रक्कम निघते, म्हणून दोनदा अंगठा. खात्याला माझा जुना, बंद पडलेला मोबाईल क्रमांक जोडलेला असल्याने पैसे आल्याचा किंवा गेल्याचा एकही संदेश मला मिळाला नव्हता.

सर्वांत जास्त खंत याची वाटते की माझ्याकडे ॲग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीचा फार्मर आयडी आहे आणि ज्यांच्याकडे तो आहे त्यांना या मदतीसाठी वेगळ्या ई-केवायसीची अट नव्हती. तलाठ्यांना एक फोन केला असता तरी हे कळले असते. ज्यांना केवायसी खरोखर करावी लागते, त्यांनी ती गावातल्या नेहमीच्या सेवा केंद्रातच करावी आणि पावती घेतल्याशिवाय उठू नये. अंगठा घेताना बँकेचे नाव विचारले गेले तर तिथेच हात मागे घ्यावा, कारण बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि अंगठा या तीन गोष्टी एकत्र आल्या की खात्यातून रोख रक्कम काढता येते.

असे घडल्याचे लक्षात येताच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवून त्याच दिवशी बँकेत लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, आपली किंवा बँकेची चूक नसताना त्रयस्थाने पैसे काढले असतील आणि व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत आपण बँकेला कळवले, तर त्या नुकसानीचा भार ग्राहकावर येत नाही. पण सूचना येण्यासाठी चालू मोबाईल क्रमांक खात्याला जोडलेला हवा. एमआधार ॲपमधून अंगठ्याची ओळख कुलूपबंदही करून ठेवता येते, मात्र रेशन घेताना ती तात्पुरती उघडावी लागते.

त्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना मीच हाताला धरून रांगेत उभे केले होते. त्यांच्या खात्यावर अनुदान अजून आलेले नव्हते, पण निराधार योजनेचे साठवलेले 3,000 रुपये गेले. माझी तक्रार बँकेत प्रलंबित आहे. काकूंचीही तक्रार मी नोंदवली आहे आणि त्यांच्या खात्याला त्यांच्या नातवाचा मोबाईल क्रमांक जोडून घेण्यासाठी सोमवारी त्यांना बँकेत घेऊन जाणार आहे.