भाड्याचा डीआरएस: दिशा पक्की, उंची रामभरोसे

यंदाच्या आमच्या आंतर-सोसायटी क्रिकेट लीगसाठी कमिटीने भाड्याने डीआरएस मागवला, म्हणजे संघाने पंचाच्या निर्णयावर दाद मागितली (रिव्ह्यू घेतला) की कॅमेऱ्याने चेंडू तपासून सांगणारी यंत्रणा. लेदर बॉल, तीस षटकं, पुण्याबाहेरचं टर्फ विकेटचं मैदान, दिवसाला दोन सामने आणि प्रत्येक डावात दोन्ही संघांना एकेक रिव्ह्यू. भाडं दिवसाला साडेचार हजार, येण्याजाण्याचे वेगळे. मी या लीगमध्ये पंच म्हणून उभा राहतो. त्याआधी बरीच वर्षं क्लबकडून मध्यमगती टाकली. कंपनीचं नाव लिहीत नाही. ही सेवा देणारे आता बरेच झालेत आणि सामान साधारण एकाच पठडीतलं असतं, तेव्हा कुणालाही बुक करणार असाल तरी हे वाचून ठेवा.

स्पष्टच सांगतो. पायचीतच्या अपिलात, म्हणजे चेंडू बॅटऐवजी पायाला लागतो तेव्हा, टप्पा कुठे पडला आणि चेंडू पॅडला कोणत्या रेषेत लागला, एवढ्यापुरते पैसे वसूल. तोच चेंडू पुढे स्टंपवर गेला असता की नाही, हे यंत्र सांगू लागलं की कानाडोळा करा. वेगवान गोलंदाजाच्या बाबतीत तर नक्कीच.

सामान म्हणजे दोन मोबाइल, दोन उंच ट्रायपॉड, एक टॅबलेट आणि ते सगळं सांभाळणारा इंजिनिअरिंगचा एक मुलगा. दोन्ही टोकांना साइटस्क्रीनच्या पुढे, गोलंदाजाच्या हाताच्या सरळ रेषेत एकेक मोबाइल लागतो. सामन्याआधी मुलगा टॅबलेटवर बोटाने स्टंपांचे बुंधे आणि माथे टिपतो, क्रीजची टोकं टिपतो आणि त्यावरून यंत्राला खेळपट्टी कळते. हे काम मुलाने फार निगुतीने केलं. स्टंपची उंची टेपने मोजून पाहिली, कारण मैदानावरचे स्टंप बऱ्याचदा खोल ठोकलेले असतात आणि नियमातली अठ्ठावीस इंचांची उंची कागदावरच राहते. पैकीच्या पैकी मार्क त्याला.

पहिल्याच सामन्यात यंत्राने पाणी दाखवलं. आमच्याकडे हिंजवडीत नोकरी करणारा एक गोलंदाज आहे. वेग फार नाही, ताशी एकशेदहा-पंधरा असेल, पण टप्पा आणि दिशा अशी की खेळपट्टीवर रुमाल टाकला तर षटक संपेपर्यंत रुमाल मळलेला असतो. चेंडू ऑफ स्टंपच्या जरा बाहेर पडतो आणि इंचभर आत येतो. असा गोलंदाज पंचाचा खरा घाम काढतो. सैरभैर टाकणाऱ्याचं अपील डोळे मिटून नाकारता येतं. सहाच्या सहा चेंडू स्टंपांच्या आसपास टाकणाऱ्याचं प्रत्येक अपील मनात उघडून बघावं लागतं. चेंडू बॅटला आधी लागला का, लेग स्टंपच्या (फलंदाजाच्या पायाकडच्या) बाहेर पडला का, पॅडला लागला तेव्हा ऑफच्या रेषेत होता का, आणि शेवटी स्टंपवर जात होता का. अर्ध्या-पाऊण सेकंदात हे घडतं, त्यातही पंचाची नजर आधी गोलंदाजाच्या पुढच्या पायावर असते. मग मागून ‘हाऊझॅट’ची आरोळी, आणि तेरा जणांची तोंडं तुमच्याकडे.

तर त्याच्या एका षटकात डावखुरा फलंदाज पायावर चेंडू घेऊन उभा. दुसऱ्या टोकाच्या माझ्या जोडीदाराने नाबाद दिलं, कर्णधाराने रिव्ह्यू घेतला. टॅबलेटवर निळी रेघ उमटली: टप्पा लेगबाहेर, अर्धा चेंडू नव्हे, चांगला चेंडूभर बाहेर. लेगबाहेर पडलेल्या चेंडूवर पायचीत देताच येत नाही, विषय संपला. गोलंदाज स्वतःच हसून परत फिरला. उजव्या हाताने ओव्हर द विकेट, म्हणजे स्टंपांच्या डाव्या बाजूने, टाकणाऱ्याचा डावखुऱ्याला आत येणारा चेंडू मैदानावरून नेहमीच आउट दिसतो, आणि तो बहुतेक वेळा लेगबाहेर पडलेला असतो. मोठमोठे फसतात तिथे. २०१९ मध्ये हेडिंग्लेला इंग्लंड विजयाच्या उंबऱ्यावर असताना पॅट कमिन्सने डावखुऱ्या जॅक लीचविरुद्ध पायचीतचं अपील केलं, ऑस्ट्रेलियाने शेवटचा रिव्ह्यू त्यावर उधळला आणि चेंडू लेगबाहेर पडल्याचं निघालं. थोड्याच वेळात दोन धावा हव्या असताना बेन स्टोक्स नेथन लायनला पायचीत सापडला, पंच जोएल विल्सन यांनी बोट वर केलं नाही. रीप्लेमध्ये टप्पा, पॅडची रेषा आणि स्टंप तिन्ही लाल, म्हणजे आउट, पण मागायला रिव्ह्यूच नाही. सामना एका विकेटने गेला. लायनचं दुःख सगळ्यांना आठवतं, मला त्याआधीचा तो कमिन्सचा रिव्ह्यू आठवतो.

पॅडला लागताना चेंडू ऑफबाहेर होता की रेषेत, हेही यंत्र चोख सांगतं. कारण सोपं आहे. कॅमेरा थेट मागे उभा, त्यामुळे डावं-उजवं त्याला स्वच्छ दिसतं. घोळ आहे तो उंचीचा.

दुसऱ्या सामन्यात, दुपारी, त्याच गोलंदाजाचा एक चेंडू सहा फुटांच्या वर उंची असलेल्या सलामीवीराच्या पॅडच्या वरच्या टोकाला, गुडघ्यावरच्या फुगवट्याच्याही वर लागला. पाय चांगला पुढे टाकलेला. टोक माझंच होतं. मी नाबाद दिलं. रिव्ह्यू. टॅबलेटवर चेंडू मधल्या स्टंपच्या मध्यावर आदळताना दिसतोय! प्रेक्षकांत गलका, कर्णधार म्हणतोय, “काका, आता तरी बोट वर करा.” नियमानुसार स्क्रीनचं मानायचं ठरलेलं, केलं वर. फलंदाज जाताना माझ्याकडे बघून काही बोलला नाही, फक्त हात मांडीवर ठेवून कुठे लागला ते दाखवलं. त्याचं बरोबर होतं.

हे कसं होतं ते त्या मुलाकडूनच समजून घेतलं, आणि त्याने लपवाछपवी केली नाही. एकाच मागच्या कॅमेऱ्याला चेंडू चित्रात एका ठिपक्यावर दिसतो. तो ठिपका म्हणजे जवळचा आणि वरचा चेंडू, की लांबचा आणि खालचा चेंडू, हे एका डोळ्याने कळत नाही. यंत्र ते चेंडूच्या दिसणाऱ्या आकारावरून आणि टप्प्याच्या जागेवरून ताडतं. वर मोबाइलचा वेग. मुलगा आधी सेकंदाला साठ चित्रं घेत होता, कारण त्यापेक्षा जास्त घेतली की मोबाइल तापून बंद पडतो म्हणे. ताशी ११५ किलोमीटरने जाणारा चेंडू सेकंदाच्या साठाव्या भागात अर्ध्या मीटरपेक्षा जास्त पुढे सरकतो. टप्पा आणि पॅड यांत हातभर अंतर असेल, तर उसळी घेतल्यानंतरचं एखादंच चित्र हाती लागतं. त्या एका ठिपक्यावरून पुढची रेघ मारायची. पाय पुढे टाकलेला असेल तर स्टंप अजून दोन मीटर मागे, आणि रेघ तीन अंशांनी हलली तर तिथवर जाईपर्यंत दहा सेंटिमीटरचा फरक पडतो. सबंध चेंडूची जाडी त्याहून कमी असते.

टीव्हीवर दिसणाऱ्या, चेंडूचा माग काढणाऱ्या हॉक-आयची गोष्ट निराळी. तिथे मैदानाभोवती सहा कॅमेरे, सेकंदाला तीनशेच्या वर चित्रं. आणि तरीही आयसीसीने त्या अंदाजाला लगाम घालून ठेवलाय. निम्म्याहून कमी चेंडू स्टंपांना लागतोय असं दिसलं तर पंचांचा मूळ निर्णय कायम, यालाच ‘अंपायर्स कॉल’ म्हणतात. २०१७ पासून अशा वेळी रिव्ह्यूही जात नाही. २०११ च्या विश्वचषकात तर चेंडू स्टंपांपासून अडीच मीटरपेक्षा दूर लागला तर भाकितावर विसंबायचं नाही, असा नियम होता. बेंगळुरूच्या भारत-इंग्लंड सामन्यात युवराजच्या चेंडूवर इयन बेल त्याच नियमाने वाचला, सामना टाय झाला आणि धोनी भडकला. मला तेव्हाही तो नियम पटला होता. आज घराघरांत ‘अंपायर्स कॉल’ला शिव्या घालतात. त्यांनी एकदा ट्रायपॉडशेजारी उभं राहून बघावं.

आमच्या भाड्याच्या यंत्रात ही सोयच नव्हती. सरळ लाल किंवा हिरवा.

उंचीवरून जुनी दुखणी आठवतात. १९९९ मध्ये अॅडलेडला मॅग्राचा आखूड चेंडू उठलाच नाही, खाली वाकलेल्या तेंडुलकरच्या खांद्यावर आदळला आणि डॅरिल हार्पर यांनी पायचीत दिलं, शून्यावर. त्यावर अजून कट्ट्यावर भांडणं होतात, आणि होणारच, कारण मॅग्राचा प्रत्येक चेंडू स्टंपच्या माथ्याच्या आसपास जायचा. ५६३ कसोटी बळी काही बाउन्सरवर नाही मिळत. २००३ च्या ब्रिस्बेनमध्ये मात्र भांडायला जागा नाही. गिलेस्पीचा चेंडू तेंडुलकरने सोडून दिला, तो वरून जात होता हे घरी बसलेल्या आजीलाही दिसलं, आणि स्टीव्ह बकनर यांनी बोट वर केलं. ती चूक होती हे पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं. तिथे आमचा टॅबलेट असता तर? आमच्या दुपारच्या त्या चेंडूवरून सांगतो, त्यानेही आउटच दिलं असतं.

दुसरी उणीव म्हणजे आवाज. बॅटची कड लागली का हे सांगायला या पॅकेजमध्ये काही नाही. स्टंप-माइक नाही, काही नाही. आणि पायचीतमध्ये सगळ्यात आधी तपासायची गोष्ट तीच. आतली कड लागलेली असली तर पुढची सगळी निळी-लाल चित्रकला फुकट. ट्रेंट ब्रिजला २०११ मध्ये स्टुअर्ट ब्रॉडच्या हॅटट्रिकमधला हरभजनचा बळी आठवा. बॅटला ढळढळीत लागून पॅडवर गेलेला चेंडू, मराइस इरॅस्मस यांनी पायचीत दिलं आणि रिव्ह्यू मागता आला नाही. कारण त्या मालिकेत आपल्याच बोर्डाच्या हट्टामुळे पायचीत रिव्ह्यूच्या बाहेर ठेवलं होतं. चेंडूच्या भाकितावर विश्वास नाही, हे बोर्डाचं म्हणणं मला अर्धं मान्य होतं. पण भाकीत नको म्हणून कडेची तपासणीही सोडून द्यायची, हा कुठला हिशेब? गावसकरांनी १९८१ मध्ये मेलबर्नला लिलीच्या चेंडूवर पायचीत दिल्यानंतर पॅडवर बॅट आपटून दाखवली होती, तीही कडेसाठीच. नंतर चेतन चौहानांना घेऊन ते मैदान सोडायला निघाले आणि मॅनेजर शाहिद दुराणींनी दारात चौहानांना परत पाठवलं, हे सगळ्यांना पाठ आहे.

बारीकसारीक: पांढरा चेंडू पांढऱ्या साइटस्क्रीनपुढे यंत्राला दिसत नाही, लालच वापरा. चारनंतर पश्चिमेकडे तोंड असलेला मोबाइल आंधळा होतो. एका रिव्ह्यूला दोन-तीन मिनिटं जातात, क्षेत्ररक्षक तेवढ्यात पाणी पिऊन घेतात. ड्रिंक्सनंतर एकदा कुणाचा तरी धक्का ट्रायपॉडला लागला आणि अख्खी खेळपट्टी चित्रात वीतभर सरकली. मुलाच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. ट्रायपॉडभोवती दोरी बांधून घ्या, आणि लहान मुलांना तिथून लांब ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कमिटीला सांगून भाकीत बंद करून घेतलं. अॅपमध्ये त्याचं बटण आहे. रिव्ह्यू घेतला की फक्त दोन गोष्टी दाखवायच्या, टप्पा आणि पॅडला लागल्याची रेषा. दोन्ही रेषेत असतील तर पुढचं पंच ठरवणार, म्हणजे आम्ही मूळ जे दिलं तेच. कर्णधार कुरकुरले. “मग पैसे कशाला दिले?” एकाने विचारलंच. त्याला म्हटलं, बाबा रे, उंचीचं तुझ्या मोबाइलला कळत नाही, मला थोडंफार कळतं. त्या दिवशी हिंजवडीकराने पाच बळी घेतले. त्यातले तीन पायचीत, तिन्ही मधल्या स्टंपसमोर, मागच्या पायावर, गुडघ्याखाली. कुणी रिव्ह्यू मागितलाच नाही.

पाचपैकी तीन तारे. मुलाला वेगळे पाच. बुक करताना आधी विचारा: सेकंदाला किती चित्रं घेता? २४० म्हणाले तरच पुढे बोला, तेवढ्यात निदान चेंडू दोन चित्रांमध्ये वीतभराच्या आतच सरकतो. बाजूने स्क्वेअर लेगला तिसरा मोबाइल मिळतो का ते विचारा. आमच्या कंपनीकडे तो ‘मोठ्या पॅकेज’मध्ये आहे, सात हजारांत. अंतिम सामन्यापुरता घ्यायला हरकत नाही, साखळी सामन्यांना चैन आहे. तापणाऱ्या मोबाइलसाठी जादा बॅटरी आणि सावलीची छत्री त्यांनी आणायची, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, कारण आमच्याकडे ती छत्री शेवटी स्कोअररच्या टेबलावरून गेली. आगाऊ निम्मेच द्या. आणि कमिटीवाल्यांसाठी: पंचांचं मानधन याच बजेटमधून कापू नका, आमच्याकडे तो प्रयत्न झाला होता.