धुऱ्याचे दोन राखणदार: एपीकेसी की पार-१?

दारव्ह्याकडच्या आमच्या गावात बारावीच्या पोट्ट्यांना पेशीची दिशा शिकवताना मी शेताचा धुराच (बांध) उदाहरणाला घेतो. आतड्याच्या अस्तरातल्या पेशीचं वरचं टोक पोकळीकडे, बूड रक्ताकडे. या दोन भागांमधल्या धुऱ्याची राखण काही प्रथिनं करतात. वरच्या वावरात एपीकेसी, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट जोडणारं प्रथिन. सीडीसी४२ आणि पार-६ ही प्रथिनं त्याचे सोबती. एपीकेसी एलजीएल नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट जोडून वरच्या वावरातून हुसकतं. बाजूच्या भिंतीवर पार-१ हे प्रथिन फॉस्फेटचं हेच हत्यार पार-३ या प्रथिनावर चालवतं. पण एपीकेसी पार-१लाही पिटाळतं, म्हणून मला तेच वरचढ वाटतं. एलजीएलला मात्र कमी लेखू नये. फळमाशीच्या अळीत ते नसलं की पेशी दिशा विसरतात, गाठी वाढतात. एवढं सांगितलं की वर्ग गप्प होतो. ही पार प्रथिनं बनवणाऱ्या पार जनुकांचा शोध गोलकृमीच्या भ्रूणात लागला, १९८८ साली.