१९७८ च्या पद्मिनीला एसी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या गाडीच्या आर.सी. बुकावर ‘प्रीमियर पद्मिनी’ असे लिहिलेले असले, तरी घरात तिला फियाटच म्हणतात. वडिलांनी ती १९७८ साली नवी घेतली तेव्हापासून उन्हाळ्यात तिच्यात गारवा मिळवण्याचा एकच उपाय होता, तो म्हणजे पुढच्या दारांच्या तिकोनी काचा उलट्या वळवून वारा आत घेणे. सांगलीहून जतकडे निघाल्यावर मे महिन्यातल्या दुपारी हाच वारा चुलीपुढे बसल्यासारखा अंगावर येतो. आईचे वय आता ७९ आहे आणि तिला गाडी बदलणे मान्य नाही, त्यामुळे गेल्या फेब्रुवारीत एसी बसवून घेतला. ऑक्टोबरअखेर नऊ महिने झाले आणि गाडी सुमारे ५,२०० किलोमीटर चालली.

जुन्या गाडीच्या बाबतीत एसी बसवणे हे शेवटचे काम आहे आणि मी ते पहिले केले. पुढचा बराचसा त्रास या उलट्या क्रमातून झाला. पहिल्या गॅरेजमध्ये दुसऱ्या गाडीतून काढलेला जुना कॉम्प्रेसर बसवून चार दिवसांत गाडी ताब्यात दिली. तो कॉम्प्रेसर मूळचा आर-१२ वायूवर चालणारा होता. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोनच्या थराला घातक म्हणून हा वायू टप्प्याटप्प्याने बंद झाला आणि मोटारींच्या एसीत आर-१३४ए आला. नव्या वायूत जुने खनिज तेल नीट मिसळत नाही, त्यामुळे ते कॉम्प्रेसरकडे परत न येता पाइपांत आणि कूलिंग कॉइलमध्ये साठून राहते. आमच्या कारागिराने आतले तेल न बदलता, पाइप न धुता नुसता नवा गॅस भरला, आणि दीड महिन्यात कॉम्प्रेसर कोरडा पडून अडकला. पैसे परत मागितल्यावर ‘जुन्या मालाला गॅरंटी नसते’ एवढेच उत्तर मिळाले. ते खरे होते, पण काम सुरू करण्यापूर्वी सांगायला हवे होते.

दुसऱ्या वेळी ५०८ जातीचा, पाच पिस्टनचा नवा कॉम्प्रेसर घेतला. इंजिनला मुळात एकाच बेल्टची पुली असते, म्हणून कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवर दोन खाचांची पुली कातून घेतली आणि कॉम्प्रेसरसाठी जाड पत्तीचा ब्रॅकेट बनवला. दोन्ही पुल्या एका रेषेत आणण्यासाठी तीनदा वॉशर बदलावे लागले, कारण रेषा थोडी जरी चुकली तरी बेल्ट किंचाळतो आणि काही आठवड्यांत त्याच्या कडा उसवतात. गॅस भरण्यापूर्वी व्हॅक्यूम पंप पाऊण तास लावला आणि नंतर अर्धा तास मीटरचा काटा हलत नाही हे मी स्वतः उभे राहून पाहिले. पाइपांत ओल राहिली तर ती एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या, म्हणजे गॅस सोडणाऱ्या झडपेच्या, बारीक तोंडाशी गोठते आणि एसी मधूनच गार देणे थांबवतो, म्हणून या कामात घाई करू नये. मूळ पत्र्याला एकही नवे भोक पाडायचे नाही, ही माझी अट होती. रबरी पाइप फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि बैठकीमधल्या पत्र्यातून, आत नेण्यापुरती ती एका ठिकाणी मोडावी लागली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खरी अडचण पुढे आली. कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रॅडिएटरच्या पुढे बसतो, म्हणजे रॅडिएटरला आता बाहेरची हवा न मिळता कंडेन्सरने तापवलेली हवा मिळते. विश्रामबागच्या चौकात पाच मिनिटे थांबले की तापमानाचा काटा लाल पट्टीला भिडायचा. रॅडिएटरचा कोअर नवा टाकला, नळाच्या पाण्याऐवजी कूलंट भरले आणि कंडेन्सरपुढे विजेवर चालणारा पंखा लावला, तेव्हा काटा मध्यावर स्थिरावला.

त्या पंख्याने विजेचा प्रश्न उभा केला. ब्लोअर, कॉम्प्रेसरला बेल्टशी जोडणारा-सोडवणारा मॅग्नेट क्लच आणि पंखा मिळून पंचवीसेक अँपिअर खातात, तर आमचा मूळ डायनॅमो पूर्ण वेगातही वीसच्या आसपासच देत असे आणि गाडी उभी असताना जवळजवळ काहीच देत नसे. रात्री हेडलाइट आणि एसी एकत्र लावले की दिवे पिवळे पडत. डायनॅमो आणि त्याचा कटआउट काढून ६५ अँपिअरचा अल्टरनेटर बसवल्यावर ही तक्रार संपली. जुने भाग तेल लावून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत.

इंजिन १,०८९ सीसीचे आहे आणि शक्ती चाळीस अश्वशक्तीच्या आसपास आहे. कॉम्प्रेसर जोरात चालू असताना त्यातली तीन-चार तरी ओढून घेतो, आणि हा फरक पायाला स्पष्ट कळतो. म्हणून ॲक्सिलरेटरच्या दांडीपाशी छोटा स्विच बसवला आहे, त्यामुळे पेडल पूर्ण दाबले की कॉम्प्रेसरचा क्लच सुटतो आणि ओव्हरटेक करताना धाकधूक होत नाही. उभ्या गाडीत इंजिन बंद पडू नये म्हणून कार्ब्युरेटरला आयडल-अपही, म्हणजे एसी लावल्यावर इंजिनाचा वेग थोडा वाढवणारी जोडणी, लावावा लागला. पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा असल्यामुळे निभावते, परतताना मात्र घाट चढावा लागतो. तिथे मी पायथ्यालाच एसी बंद करतो आणि आईला तशी आधी कल्पना देतो. हमरस्त्यावर लिटरला चौदा किलोमीटर मिळत होते ते बारावर आले आहे.

बाहेर ४० अंश असताना जाळीतून येणारी हवा चालत्या गाडीत १० अंशांची असते आणि सिग्नलला थांबल्यावर १७ पर्यंत चढते. सुरुवातीला हवा थंड असूनही गाडी गार होत नव्हती, कारण छताचा पत्रा, जमीन आणि पेडलांभोवतीच्या फटी सतत उष्णता आत आणत होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या आदेशामुळे काचांना काळी फिल्म लावणे हा मार्ग नव्हता. मग रूफ लायनिंग उतरवून आणि गालिचा उचलून खाली उष्णता अडवणारी डॅम्पिंग शीट चिकटवली, दारांचे रबर नवे घातले. या आठ हजारांच्या कामाने जो फरक पडला, तो मोठ्या कॉम्प्रेसरनेही पडला नसता असे माझे मत झाले आहे.

अनपेक्षित फायदा पावसाळ्यात झाला. जुलैत नरसोबाच्या वाडीला जाताना पुढची काच आतून धुरकट व्हायची आणि शेजारच्याने फडक्याने पुसत बसायचे, हा आमच्याकडचा जुना रिवाज होता. डॅशबोर्डखाली टांगलेल्या युनिटची हवा थेट काचेवर जात नाही, तरीही आतली हवाच कोरडी होत असल्यामुळे तीन-चार मिनिटांत काच निवळते.

एकूण खर्च ७१,००० रुपये झाला. त्यात एसी आणि मजुरीचे ४६,०००, रॅडिएटर, पंखा, अल्टरनेटर आणि वायरिंगचे १७,००० व बाकीचे आठ हजार. पहिल्या गॅरेजात गेलेले पैसे यात धरलेले नाहीत, आणि घरीही त्यांचा विषय निघत नाही.

काही उणिवा राहिल्याच आहेत. पुढच्या सलग सीटवर मध्ये तिसरा माणूस बसला की युनिट त्याच्या गुडघ्यांना लागते. ब्लोअर तिसऱ्या वेगावर ठेवला तर रेडिओ ऐकू येत नाही. एसीचे पाणी बाहेर सोडणारी ड्रेनची नळी एकदा तुंबली तेव्हा पाणी गालिच्यावर सांडून आठवडाभर कुबट वास राहिला. आता दर महिन्याला ती फुंकून साफ करतो. ऑक्टोबरात दाब तपासला तेव्हा गॅस घटलेला नव्हता. कॉम्प्रेसर बराच काळ बंद राहिला तर त्याच्या दांड्याचे सील कोरडे पडून गॅस गळू लागतो, म्हणून थंडीतही दर रविवारी सकाळी दहा मिनिटे एसी लावतो, आणि तेवढा वेळ आई शाल पांघरून शेजारी बसते.