सर्वांसाठीच्या कलावर्गातली साधनं: आठ महिन्यांत काय टिकलं, काय कपाटात गेलं

आधी वापर कसा होता ते. आठवड्यातून दोन वर्ग, प्रत्येकी दीड तास, एका वेळी दहा-बारा जण. व्हीलचेअर वापरणारे, हातात जोर नसलेले किंवा हात थरथरणारे, दृष्टिहीन आणि अंधुक दिसणारे, कर्णबधिर, स्वमग्न, बौद्धिक दिव्यांग असे सगळे एकाच टेबलाभोवती. मदतनीस तीन. साधनांना लावलेली कसोटी एकच: ते वापरताना माणसाला मदतनिसाला किती वेळा हाक मारावी लागते? चित्र किती सुबक आलं हे मोजलेलं नाही. सुबक चित्र मदतनीसही काढून देतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

सुरुवात ब्रशच्या मुठीपासून. फोमची नळी कापून ब्रशवर चढवायची, हा सगळ्यात स्वस्त आणि अजूनही सगळ्यात जास्त वापरला जाणारा उपाय. बाहेरचा व्यास साधारण 3 सेंटिमीटर, लांबी 10 ते 12 सेंटिमीटर ठेवली की बहुतेकांच्या मुठीत बसते. आतलं भोक मात्र ब्रशच्या दांडीपेक्षा किंचित लहान हवं. ते मोठं असलं तर ब्रश आत गोल फिरतो आणि चपटा ब्रश ऐन वेळी आडवा होतो. अशा वेळी दांडीवर कागदी चिकटपट्टीचे तीन-चार वेढे द्यावेत. फोम घेताना बंद छिद्रांचाच घ्यावा. स्पंजासारखा उघड्या छिद्रांचा फोम दोन वर्गांत रंगपाणी पितो, जड होतो आणि नंतर वास मारतो. ब्रशचे केस आणि फोम यांच्यात चार बोटं दांडी मोकळी सोडली तर मूठ कोरडी राहते.

ज्यांची मूठच वळत नाही, त्यांच्यासाठी तळहाताभोवती वेल्क्रोने बांधायचा पट्टा असतो, त्याला ब्रश खोचायला खिसा. हा पट्टा मुळात चमच्यासाठी बेतलेला. त्यामुळे ब्रश तळव्याला आडवा बाहेर येतो आणि सपाट टेबलावर कागदाला जवळजवळ समांतर घासतो. पट्टा निकामी म्हणून बाजूला टाकण्याआधी कागद 25-30 अंशांनी तिरका करून पाहावा, निम्मी तक्रार तिथेच संपते. उतार दिला की पातळ रंग ओघळणार, म्हणून रंग दाट ठेवायचा. वेल्क्रोच्या आकड्यांत धागे आणि वाळलेला रंग अडकला की पकड जाते. जुन्या टूथब्रशने विंचरून काढावं आणि पट्टा धुताना वेल्क्रो बंद करून धुवावं. एक गोष्ट विसरून चालणार नाही: हाताला संवेदना कमी असलेल्या माणसाला पट्टा काचतोय हे कळत नाही. दर वीस मिनिटांनी काढून त्वचा बघायची. लाली लवकर ओसरली नाही तर त्या दिवशी पट्टा पुन्हा बांधायचा नाही.

जड ब्रशबद्दल मत मिश्र आहे. थरथरणाऱ्या काही हातांना वजनाने खरंच स्थिरता येते, पण ज्यांच्या खांद्यातच जोर कमी त्यांचा हात पंधरा मिनिटांत खाली येतो. तयार जड ब्रश घेण्यापेक्षा साध्या ब्रशच्या दांडीवर लोखंडी नट एकेक करून सरकवून बघावेत. कोणाला किती वजन झेपतं ते कळतं, आणि कोणाला मुळीच नको तेही.

टेबल हा विषय लोक शेवटी काढतात, तो पहिला असायला हवा. टेबलाखाली गुडघ्यांसाठी निदान 70 सेंटिमीटर उंची आणि 75 ते 80 सेंटिमीटर रुंदी मोकळी लागते. टेबलाची वरची बाजू बरोबर असते, पण खाली आडवी पट्टी किंवा खण असतो आणि व्हीलचेअर तिथेच अडते. मग माणूस टेबलापासून हातभर लांब बसतो आणि सगळा दोष ब्रशच्या मुठीला जातो. व्हीलचेअर वळायला दीड मीटरचं वर्तुळ धरतात. खुर्च्या लावून झाल्यावर ते उरतं का, हे मोजपट्टीने बघावं.

कागद सरकू नये म्हणून जाळीदार रबरी चटई घेतली होती. पहिले सहा आठवडे उत्तम, मग निसरडी. कारण साधं: रंगाची भुकटी आणि खडूची धूळ जाळीत बसते. साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवली की पकड परत येते. चटई नसेल तेव्हा पाटाखाली ओलं पिळलेलं फडकंही तितकंच काम करतं.

दृष्टिहीन व्यक्तींसाठी उंचावलेल्या रेषेची पाटी ही या सगळ्यातली सगळ्यात आवडलेली वस्तू, आणि सगळ्यात चुकीची वापरली जाणारीही. फळीवर मऊ रबराचा थर, त्यावर पातळ प्लास्टिकचा पापुद्रा. पेनाने दाबून ओढलं की रेषा वरच्या बाजूलाच उठते, त्यामुळे काढणाऱ्याला ती त्याच क्षणी बोटाने वाचता येते. शाई संपलेलं बॉलपेन सर्वांत चांगलं. टोक फार अणकुचीदार असलं तर पापुद्रा फाटतो, जाड असलं तर रेषा पसरट येते आणि बोटाला लागत नाही. पापुद्रा चारही कडांना पक्का दाबलेला हवा. एक कोपरा सुटला की सुरकुत्या पडतात, आणि बोटाला सुरकुती आणि रेषा सारख्याच लागतात. चूक पुसता येत नाही. नखाने घासून रेषा थोडी बसते, पण नाहीशी होत नाही. दुसऱ्या हाताचं बोट रेषेच्या शेवटी ठेवून पुढची रेषा तिथूनच सुरू करायची, ही एक सवय लागली की आकार बंद व्हायला लागतात. नाहीतर वर्तुळाची दोन टोकं भेटतच नाहीत. चौथ्या-पाचव्या महिन्यात रबरावर मधोमध खाचा पडल्या. रबर काढून उलटं लावलं तर तेवढाच काळ पुन्हा चालतं. बघणारा माणूस पाटीवर आयतं चित्र काढून देतो आणि म्हणतो, ‘हात फिरवून बघा’. तो वाचनाचा तास झाला, चित्रकलेचा नाही.

उष्णतेने फुगणारा कागदही वापरला. काळी रेषा उष्णता जास्त शोषते आणि तेवढीच जागा फुगते. त्यामुळे काळी शाई कार्बनची असावी लागते. काही छपाईयंत्रांची काळी शाई दिसायला काळी असते, पण फुगत नाही. यंत्र जास्त तापलं तर पांढरा भागही उठतो. नमुने आणि नकाशे तयार करायला हा कागद छान, पण सहभागी व्यक्तीच्या हाती त्यात करण्यासारखं फार काही राहत नाही.

रंग ओळखण्यासाठी सुगंधी पेनं आणली आणि महिन्याभरात बाजूला ठेवली. एकाला रंग सापडायचा, तर शेजारी बसलेल्या, वासाचा त्रास होणाऱ्या स्वमग्न मुलाचं डोकं उठायचं. शिवाय फळांचा वास असलेली पेनं तोंडात जातात. त्याऐवजी बाटलीच्या मानेला दोऱ्याच्या गाठी बांधल्या: लाल एक, पिवळा दोन, निळा तीन. रबरबँड अधिक सोपे वाटतात, पण ते बहुतेकदा लॅटेक्सचे, म्हणजे झाडाच्या चिकापासूनच्या नैसर्गिक रबराचे असतात. स्पायना बायफिडा (पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष) असलेल्यांमध्ये लॅटेक्सची अॅलर्जी बऱ्याच प्रमाणात आढळते आणि ती गंभीर रूप घेऊ शकते. म्हणून फुगे, लॅटेक्सचे हातमोजे आणि रबरबँड वर्गात नकोतच. हातमोजे नायट्राइलचे, म्हणजे लॅटेक्स नसलेल्या कृत्रिम रबराचे घ्यावेत. जाता जाता: मळायच्या तयार रंगीत गोळ्यात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं. ग्लूटेन चालत नाही असं कोणी असेल तर डब्यावरचं वाचून घ्यावं.

मातीबद्दल थोडक्यात. दुकानातून आली तशी माती कमजोर हातांना कडक लागते. आदल्या दिवशी ओल्या कापडात गुंडाळून ठेवावी. वाळलेली माती झाडूने कधीही झाडू नये, बारीक सिलिकाची धूळ उडते. ओल्या फडक्यानेच पुसायची. चिकट स्पर्श सहन न होणाऱ्यांना हातमोजे किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेला गोळा द्यावा. तो आकार घेतो, हात कोरडे राहतात.

धागा आणि सुतळी आम्ही शेवटी आणली, ती आधी आणायला हवी होती. जुडिथ स्कॉट या कर्णबधिर आणि डाउन सिंड्रोम असलेल्या कलावती 1987 मध्ये अमेरिकेतल्या ओकलंडच्या क्रिएटिव्ह ग्रोथ या दिव्यांग कलाकारांच्या केंद्रात आल्या. सुरुवातीचे बरेच महिने चित्रकलेत त्यांनी फारसा रस दाखवला नाही, धागे हाती आल्यावर मात्र वस्तूंना वेढे देत त्यांनी घडवलेली शिल्पं जगभर पोहोचली. म्हणून ‘याला कलेत रस नाही’ हा शेरा मारण्याआधी निदान चार प्रकारचं साहित्य समोर ठेवून झालेलं असावं. विणायची चौकट एका हाताने काम करणाऱ्यासाठी शिकंजाने टेबलाला आवळून द्यावी आणि ताणे, म्हणजे चौकटीवर ताणून बांधलेले उभे धागे, एकमेकांपासून 1 सेंटिमीटरवर ठेवावेत. त्याहून जवळ असले तर बोट आत जात नाही.

कर्णबधिर सहभागींसाठी साधन लागत नाही, शिस्त लागते. शिकवणारा हाताने दाखवता दाखवता बोलतो, तेव्हा त्यांनी हाताकडे बघायचं की दुभाषाकडे? आधी सांगायचं, थांबायचं, मग न बोलता दाखवायचं. दुभाषाच्या मागे खिडकी नको, उजेडाविरुद्ध हात आणि चेहरा दिसत नाहीत. दीड तासाला दोन दुभाषी हवेत, वीसेक मिनिटांनी आलटून पालटून. एकाचे हात आणि लक्ष दोन्ही दमतात.

मदतनिसाला आम्ही एक नियम घातला आहे: दाखवायचं ते स्वतःच्या कागदावर. समोरच्याच्या चित्रावर मदतनिसाचा ब्रश टेकायचा नाही. हात धरून शिकवायची वेळ आलीच तर मदतनिसाचा हात खाली आणि शिकणाऱ्याचा वर, म्हणजे नको वाटलं की त्याला हात उचलून घेता येतो. हा नियम पाळणं सर्वांत अवघड गेलं, कारण नातेवाईक शेजारी उभे असतात आणि त्यांना आकाश निळंच हवं असतं.

हाका सर्वांत कमी कुठे? घट्ट वडीच्या रंगांना. झाकण नाही, सांडणं नाही. वर्गाआधी पाच मिनिटं वडीवर चमचाभर पाणी सोडलं की रंग लगेच उचलला जातो. ओल्या वड्यांवर झाकण लावून ठेवलं तर बुरशी येते, रात्रभर उघड्या ठेवाव्यात. पाण्याच्या भांड्याऐवजी उथळ ताटलीत ओला स्पंज ठेवला, त्यामुळे उलटणारी भांडीच गेली. स्पंज मात्र प्रत्येक वर्गानंतर पिळून वाळवायला लागतो.

आणि हाका सर्वांत जास्त अजूनही ट्यूबच्या झाकणाला. छोटं, गोल, रंगाने चिकटलेलं. रबरी पकडीने उघडतं, पण परत लावताना आटे तिरके बसतात. दाबून रंग काढायच्या पंपाच्या बाटल्यांत रंग भरून ठेवणं हा अर्धा उपाय झाला. कोपराने दाबला तरी रंग येतो. बाटली तळाशी जड हवी किंवा टेबलाला पट्ट्याने बांधलेली, नाहीतर दाबताच आडवी होते. पोस्टर कलर पंपातून चांगला येतो, अॅक्रिलिक तोटीत वाळून बसतो. त्या बाटल्यांच्या तोटीत प्रत्येक वर्गानंतर टाचणी फिरवतो आणि आठवड्याला एकदा पंप काढून कोमट पाण्यात चालवतो.