पुण्याच्या धायरीत तीन ब्रॉडबँड कनेक्शनं वापरून झाली: खरा वेग रात्री साडेआठला कळतो

मी दहावीच्या मुलांच्या गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या घेते, संध्याकाळी सहा ते आठ. नवरा आयटीत आहे आणि बरेच दिवस घरूनच काम करतो. आमच्या घरात इंटरनेट बंद पडलं की दोघांचंही काम अडतं. गेल्या दीडेक वर्षात आम्ही तीन प्रकारची कनेक्शनं वापरली: एका मोठ्या खासगी कंपनीचं फायबर, मग भागातल्या केबलवाल्याचं फायबर, आणि गच्चीत अँटेना बसवून मिळणारं फाइव्ह-जीवरचं वायरलेस. नावं देत नाही, कारण एकाच कंपनीचा अनुभव धायरीत एक आणि कोथरूडला दुसरा असतो. इमारतीपर्यंत लाइन कोणी आणली, तिच्यावर किती घरं आहेत आणि ती तुटली तर कोण येतं, यावर बहुतेक सगळं ठरतं.

आधी मोजलं कसं ते सांगते, नाहीतर पुढच्या आकड्यांना अर्थ नाही. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडायचा, बाकीचे फोन आणि टीव्ही वायफायवरून काढायचे, आणि सकाळी, दुपारी व रात्री साडेआठच्या सुमारास चाचणी घ्यायची. बेडरूममध्ये बसून मोबाइलवर घेतलेली चाचणी तुमच्या वायफायची असते. दाट सोसायटीत वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात सगळ्या मजल्यांचे राउटर एकाच जागेसाठी भांडतात. त्या पट्ट्यात एकमेकांना न अडवणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झचा वेग चांगला, पण दोन भिंतींपलीकडे तो फार घटतो. आणखी एक हिशेब पक्का लक्षात ठेवा: प्लॅन मेगाबिटमध्ये विकला जातो, फाइल मेगाबाइटमध्ये उतरते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट मिळतात. तेवढे मिळत असतील तर कंपनी फसवत नाहीये.

मोठ्या कंपनीचा आमचा प्लॅन २०० एमबीपीएसचा होता. बसवल्यावर काहीही केलं तरी आकडा ९४ च्या पुढे जाईना. बसवणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, एवढंच येतं." ९४-९५ हा आकडा दिसला की कनेक्शनवर संशय घेण्याआधी वायर बघा. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात; त्यातल्या चारच जोडल्या असतील किंवा राउटरचा पोर्ट जुना असेल तर वेग १०० वरच अडतो आणि प्रत्यक्षात ९४-९५ दिसतो. आमच्या केबलच्या टोकाला चारच तारा दाबलेल्या निघाल्या. टोक नव्याने दाबून घेतल्यावर सकाळी १९० मिळू लागले.

संध्याकाळनंतर मात्र विचित्र प्रकार चालायचा. चाचणीचं ॲप १७० दाखवायचं आणि त्याच वेळी मुलं म्हणायची, "मॅडम, आवाज तुटतोय." याचं कारण समजून घेण्यात माझा बराच वेळ गेला, पण तो सत्कारणी लागला. ॲप आपणहून जवळचा सर्व्हर निवडतं, आणि तो पुष्कळदा त्याच कंपनीच्या जाळ्यात असतो. म्हणजे तुम्ही घरापासून कंपनीच्या दारापर्यंतचाच रस्ता मोजता. गर्दी असते दाराबाहेर. मी सर्व्हर बदलून दुसऱ्या कंपनीचा मुंबईतला निवडला, मग सिंगापूरचा निवडला, आणि आकडा ४० च्या आसपास आला. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्याच्या २००६ च्या नियमांतही वर्गणी भरलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेगाची अट होती, पण ती कंपनीच्या नोडपासून (जाळ्यातल्या केंद्रापासून) ग्राहकापर्यंतच्या टप्प्यासाठी.

फायबर घरात आलं म्हणजे ते तुमच्या एकट्याचं नसतं, हेही विक्रेता सांगत नाही. घरोघरी जे जीपॉन तंत्र वापरतात, त्यात एका फायबरवर खाली येणारा वेग (डाउनलोड) साधारण २.५ गिगाबिट आणि वर जाणारा (अपलोड) १.२५ गिगाबिट असतो, आणि तो स्प्लिटर, म्हणजे फायबरला फाटे फोडणारा डबा, लावून ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. सगळ्यांनी एकदम नळ सोडला तर ६४ घरांत प्रत्येकी ४० एमबीपीएसही येत नाहीत. एरवी सगळे एकदम सोडत नाहीत, म्हणून निभावतं. वर जाणारी बाजू अर्ध्याचीच असते आणि आम्हा शिकवणाऱ्यांना तीच लागते. दोन जीबीचं रेकॉर्डिंग १० एमबीपीएसने चढवायला सत्तावीसेक मिनिटं लागतात, १०० ने तीन मिनिटंही नाही.

त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे लाइनवर भार असतानाचा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. रिकाम्या लाइनवर आमचा पिंग ७-८ मिलिसेकंद होता. नवऱ्याने एखादी मोठी फाइल पाठवायला घेतली की तो १५० च्या वर जायचा आणि माझा वर्ग अडखळायचा. क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या वेगचाचणीत भारावरचा हा पिंग वेगळा दिसतो, म्हणून मला ती सगळ्यांत उपयोगी वाटते. व्हिडिओ कॉलला दोन-चार एमबीपीएस पुरतात; त्यांना हवा असतो तो स्थिर पिंग. २०० च्या जागी ५०० चा प्लॅन घेऊन हा त्रास जाईलच असं नाही.

या कंपनीकडे तक्रार म्हणजे डोकेदुखी होती. ड्रेनेजच्या खोदकामात फायबर तुटलं, घरातल्या फायबरच्या डब्यावरचा एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकत होता, आणि मला तक्रार मिटल्याचा एसएमएस आला. अशा वेळी पुन्हा नवी तक्रार नोंदवत बसू नका. पहिल्या तक्रारीचा क्रमांक घेऊन कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनी ही दुसरी पायरी कंपन्यांना बंधनकारक आहे आणि अपिलाला शुल्क नाही. अपील केल्यावर आमच्याकडे माणूस आला.

मग केबलवाल्याकडे गेलो. प्लॅन १०० चा, वर-खाली सारखाच. रात्री ८० ते ९० मिळतात, मुंबईचा पिंग ५ च्या आसपास, आणि भारावरही तो चाळिशीच्या आत राहतो. सासूबाईंच्या मालिका आणि यूट्यूब कधी थांबत नाहीत, कारण असा मजकूर जवळच्या साठवणीच्या सर्व्हरवरून येतो. परदेशी सर्व्हर गाठायचा झाला की उणीव जाणवते: नवऱ्याच्या ऑफिसच्या जाळ्यात शिरायचा सुरक्षित मार्ग, व्हीपीएन, जर्मनीतला आहे, तिथे रात्री २५-३० वर समाधान मानावं लागतं. शिवाय अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) असल्यामुळे घरातल्या कॅमेऱ्यापर्यंत बाहेरून थेट पोहोचता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र आयपीचे पैसे वेगळे. पण लाइनमनचा नंबर माझ्याकडे आहे, आणि फायबर तुटलं त्या दिवशी तो रात्री टॉर्चच्या उजेडात खड्ड्याशेजारी बसून जोड देत होता. या एका गोष्टीला माझ्या लेखी १०० एमबीपीएसपेक्षा जास्त किंमत आहे.

त्याची खरी कमजोरी वीज. जीपॉनमध्ये वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागत नाही, म्हणून मोठ्या कंपनीच्या वेळी घरातला राउटर छोट्या यूपीएसवर ठेवला की दिवे गेले तरी वर्ग चालू राहायचा. केबलवाल्याची आमच्या गल्लीतली रचना जुनी: इमारतीच्या जिन्यात घरोघरी नेट वाटणारा डबा, म्हणजे स्विच, त्याला विजेची जोडणी. वीज गेली की आमचा राउटर चालू राहतो आणि नेट जातं. कनेक्शन घेण्याआधी "वाटेत वीज लागणारा डबा कुठे आहे आणि त्याला बॅटरी आहे का" हे विचाराच.

फाइव्ह-जीवरचं वायरलेस २०२३ पासून आपल्याकडे मिळू लागलं. बसवायला एक दुपार पुरली, खोदकामाचा प्रश्न नाही, भाड्याच्या घरात तर ते फारच सोयीचं. पण १०० च्या प्लॅनवर सकाळी ११० आणि रात्री ३५ असे टोकाचे आकडे आले, अपलोड ८ ते १२. टॉवरवर मोबाइलवाले आणि आपण एकत्र असतो, आणि त्या लहरींतला जास्त वेळ खाली येणाऱ्या डेटासाठी राखलेला असतो. सिनेमे बघायला उत्तम. शिकवायला मी यावर अवलंबून राहणार नाही.

पैशांचं थोडक्यात: ४९९ चा प्लॅन १८ टक्के जीएसटी धरून ५८९ ला पडतो. "अमर्यादित" प्लॅनलाही बहुधा महिन्याची मर्यादा असते, मोठ्या कंपन्यांची ३३०० जीबी. आमचं घर तिच्या जवळपासही जात नाही. सहा महिने किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरले की सूट मिळते, पण आधी एक महिन्याचाच प्लॅन घ्या आणि त्यात चार-पाच रात्री साडेआठला, वायर लावून, दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर निवडून मोजा.

सध्या केबलवाला मुख्य आणि वायरलेसचा सगळ्यांत छोटा प्लॅन जोडीला, असं चाललं आहे. फक्त टीव्ही आणि मोबाइल वापरणाऱ्या घराला दुसऱ्या कनेक्शनची काही गरज नाही. केबलवाल्याने दिवाळीनंतर आमची इमारत जीपॉनवर घेण्याचं कबूल केलं आहे. जिन्यातला स्विच निघाला की वायरलेस बंद करेन.