लॅग असताना गिरक्यांची लढत की वरून झडप?

ऑनलाइन हवाई लढाईच्या गेममध्ये लॅग, म्हणजे नेटवर्कमुळे होणारा उशीर, असेल तर कसं लढावं? ताशी ५०० किलोमीटरने उडणारं विमान सेकंदाला १३९ मीटर कापतं. २०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे २८ मीटर, स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाच्या पंखांच्या पसाऱ्याच्या अडीचपट. एवढी तफावत सहसा दिसत नाही, कारण नेटवरून आलेल्या माहितीच्या शेवटच्या पॅकेटमधला वेग आणि दिशा धरून गेम समोरच्याला अंदाजाने पुढे नेत राहतो. सरळ उडणाऱ्याच्या बाबतीत हा अंदाज छान जमतो. स्टिक ओढली की फसतो, आणि चूक वेळेच्या वर्गाने वाढते: ५ जीच्या (गुरुत्वाच्या पाचपट जोराच्या) वळणात २०० मिलिसेकंदांना एक मीटर, ५०० ला सहा. गेम वळणही अंदाजात धरत असेल, तर डावं वळण झटक्यात उजवीकडे पलटलं की ५०० ला बारा.

गिरक्यांच्या लढतीचं सगळं भांडवल हे पलटणंच आहे, त्यामुळे लॅगचा मार तिथे जास्त. सिझर्समध्ये, म्हणजे दोघे आलटून पालटून वळत एकमेकांचा मार्ग कापतात तेव्हा, समोरचा ओव्हरशूट झालेला (तुमच्या पुढे निघून गेलेला) तुम्हाला दिसतो तोवर तो पुढच्या वळणात शिरलेला असतो. तुम्ही ब्रेक मारता, म्हणजे निसटायला अचानक तीव्र वळण घेता, तेव्हा त्याच्या पडद्यावर तुम्ही अजून सरळच असता. गोळी लागली की नाही हे नेमबाजाच्या संगणकावर ठरत असेल, तर ‘निसटलो’ म्हणता म्हणता पंख जातो. अशा गेममध्ये ब्रेक पाव सेकंद आधी मारा. नेम मात्र दिसतं त्याच विमानावर, नेहमीच्या लीडने (विमानाच्या जितकं पुढे नेम धरता ते अंतर). निकाल सर्व्हर देत असेल आणि उशिराची भरपाई करत नसेल, तर लीड थोडी वाढवावी लागते.

झडपेत, म्हणजे बूम अँड झूममध्ये, सावज बेसावध आणि सरळ असतं. अंदाज टिकतो, गोळीबार सेकंदभराचा, मग वर. धोका एकच: वेगातला फरक मोठा असल्याने शेवटच्या क्षणी सावज वळलं तर टक्कर. हेड-ऑन तर लॅगमध्ये टाळाच. दोघे ५०० ने समोरासमोर आले तर २०० मिलिसेकंदांत ५६ मीटर संपतात.

निवड करण्याआधी पिंगचा (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या मिलिसेकंदांचा) आकडा सोडून त्याची चढउतार बघा. स्थिर १८० परवडतो. ४० ते १४० मध्ये नाचणारा नाही, कारण त्यात विमानं उड्या मारतात आणि ट्रॅकिंग शॉट (मागे राहून सतत नेम धरत केलेला गोळीबार) बसतच नाही. आधी घरच्या राउटरला, मग सर्व्हरला शंभर-शंभर पिंग पाठवा. राउटरपर्यंतच आकडे नाचत असतील तर दोष वायफायचा: केबल लावा. केबलवरही खेळताना पिंग उसळत असेल तर मागे चाललेलं अपलोड थांबवा, बॅकअप हा नेहमीचा चोर. दोन्हीकडे आकडे स्थिर आणि तरी एकच विमान थरथरतंय? मग बहुधा लाइन त्याची खराब आहे. त्याच्याशी गिरक्या घेऊ नका.

आमचा हिशेब असा: १०० च्या खाली आणि स्थिर असेल तर खुशाल गिरक्या. १५० च्या वर झडपच, तीही मागून. मधल्या पट्ट्यात झडपेने सुरुवात करा आणि पहिल्या वळणात समोरचा गुळगुळीत फिरताना दिसला तरच खाली थांबा.